तिसरा शनिवार

दोनशे तेरा.
महिन्याला एवढीच माणसं ऐकतात त्यांना.
त्यातली एक मी, एक सुमय्या,
म्हणजे उरलेल्या जगात दोनशे अकरा.
कुणीतरी आत्ता भांडी घासत असेल
कानात तेच गाणं घालून,
आणि त्याला ठाऊक नसेल
की परभणीत, वसमत रोडच्या झेरॉक्सच्या दुकानात
त्याच ओळीला माझा हात थांबलाय
आणि गिऱ्हाईक म्हणतंय, ताई, आधार कार्ड दोन्ही बाजूंनी.

कऱ्हाडची तीन पोरं. बँडचं नाव 'तिसरा शनिवार'.
गाणी सहा. सातवं येणार येणार म्हणून दिवाळी गेली.
तिसऱ्या गाण्यात मागं कुकरची शिट्टी होते,
ती त्यांनी काढली नाही.
मी त्या शिट्टीवर जीव टाकते.

उर्सात टी-शर्ट छापून घेतला, दीडशे रुपयांत.
छापणाऱ्यानं 'शनीवार' केलं, नी दीर्घ.
शेजारच्या काकू म्हणाल्या, शिंगणापूरला जाऊन आलीस का गं?
माझ्या नावानं तेल घातलंस का?
घातलं म्हणाले.

मेसेज केला त्यांना: आमच्याकडं या ना कधी.
चार दिवसांनी उत्तर: परभणी नेमकी कुठं येते?
मी लिहिलं, जगात जर्मनी, भारतात परभणी.
त्यांनी हसरा चेहरा पाठवला. एकच.
सुमय्या म्हणाली, एक भी बहोत है.
आणि आम्ही शो ठरवूनच टाकला:
लाईट गेली तर काय, पोरांना झोपवायचं कुठं,
नळाला पाणी दहाव्या दिवशी, तेवढा दिवस सोडून.

आमच्या घरात बँड म्हणजे मसाजीमामा.
लाल कोट, सोनेरी झालर, क्लॅरिनेट.
त्यानं विचारलं, सुपारी किती घेतेत?
काहीच नाही मामा, गाणी फुकट टाकतात.
मग जेवतेत कुठं?
याचं उत्तर त्यांच्या एकाही मुलाखतीत नव्हतं.
मुलाखत तरी कुठं होती.

एका दुपारी, ऊन पंचेचाळीस,
मामा ओट्यावर क्लॅरिनेटची पत्ती ओली करत बसलेला.
मी त्याला इयरफोन दिला, डावा, चालणारा.
उजव्यातली खरखर माझ्याकडं ठेवली
आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसले, निकाल लागायचा असल्यासारखी.
शिट्टी झाली. मामा हसला नाही.
संपल्यावर म्हणाला,
ढोलावरलं पोरगं भ्यायलंय. दुसऱ्या कडव्यात पळायलंय.

मला असा राग आला की डोळेच भरले,
कारण ते खरं होतं.
दोन वर्षं मी त्या पळण्याला
धाडस समजत होते.

लाव पुन्हा, मामा म्हणाला.
आणि पुन्हा.
मग बराच वेळ पत्ती बोटांत फिरवत राहिला.
ते मधीच थांबतेत ना, तेवढं बेस हाय.
आमाला थांबू देत नाहीत लोक.

जिंतूर रोडला वरात. घोडा लायटीला बुजलेला,
नवरदेवाचे दोस्त एकमेकांवरून नोटा ओवाळायलेत.
आम्ही दोघी रसवंतीपाशी.
मामानं एक सिनेमाचं गाणं संपवलं,
दुसरं उचलायचं होतं,
आणि मधल्या फटीत चार सूर.
आमचे.

मग थांबला.
ते थांबतात तितकंच, एका श्वासानं कमी नाही.
ढोलवाला वळून बघायला लागला.
कुणीतरी ओरडलं, ए बँडवाले, झोपलाव का?

सुमय्यानं माझं मनगट असं आवळलं
की रसाचा ग्लास तिच्याच ओढणीवर.
मामानं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.
कोटाच्या बाहीनं घाम पुसला
आणि लोकांना हवं ते वाजवायला लागला.

वरातीत दोनशेएक माणसं असतील.
मी मोजली नाहीत.