विश्वामित्री, नमुना तीनशे बारा

काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून
दोरीला बांधलेली बाटली सोडते.
खालची मगर बघते. तिला सवय झालीय.

न्यूरल नेटवर्क काल रात्री म्हणालं होतं,
ऑक्सिजन चार पूर्णांक दोन.
मोजला तर एक पूर्णांक एक.
वरच्या अंगाला कुणीतरी
शनिवार बघून झडप उघडली असणार;
शनिवार मी त्याला शिकवलाच नव्हता.

आलेखावर काळे ठिपके पडतात,
नदी जिथे स्वतःच्या जवळून जाते तिथे.
जवळून.
तीच, कधीच नाही.

दांडिया बाजारातले चौबळकाका विचारतात,
"मग परत आली म्हणजे नक्की काय गं?"

मी बुचावर तारीख लिहिते.
मगर बुडते
आणि बऱ्याच वेळाने
वर येते,
हातभर अलीकडे.