तळाचा साका

बोगोतात पाणी ब्याण्णव अंशांनाच उकळतं, इतकं ते उंचावर.
योलिमाचं काम त्याच्या खूप खाली :
वीस, पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस.
पाच तापमानं, अकरा मिश्रणं,
निव्वळ पाण्यापासून निव्वळ अल्कोहोलपर्यंत
दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्या,
आणि प्रत्येक बाटलीत पांढरी पूड, विरघळेल त्याहून जास्त.
तळाशी थोडी उरायलाच हवी.
नाहीतर कसं कळणार
पोट भरलं म्हणून?

लेकरांच्या तापाचं औषध आहे.
अल्कोहोल कमीत कमी घालायचं, पण इतकं तरी
की तुन्हाच्या थंडीत, रात्री चार अंशांवर,
कुणा आईच्या चमच्यात खडे येऊ नयेत.

तीन दिवस बाटल्या कोमट पाण्यात डुलतात.
बाहेरून वाटतं, सगळं थांबलं.
थांबत नाही. जेवढं आत जातं
तेवढंच बाहेर येऊन बसतं.
देणंघेणं चालूच, फक्त वही जुळलेली.

येइसन नवा आहे. आलेख घेऊन धावत येतो :
"बाई, चुकलंय. रेघ चढत चढत गेली,
आणि शेवटी, निव्वळ अल्कोहोलात, खाली आली."
पुन्हा कर, ती म्हणते.
तो पुन्हा करतो. पुन्हा तेच.
थोडं पाणी लागतंच, ती म्हणते, आणि गप्प होते.

तिचे वडील, एदिल्बेर्तो, सोआचाची बस चालवायचे.
कोरडे असले की घरात
फक्त त्यांच्या बुटांचा आवाज.
बाटली संपली की शब्दच शब्द, एकालाही बूड नाही.
मधे कुठंतरी, दुसऱ्या पेल्याच्या उतरणीवर,
एक अर्धा तास असायचा.
आई अग्वार्दिएंतेत गुपचूप पाणी घालायची.
बडीशेपेचा वास तेवढाच, धार कमी.
"कुठंतरी पाणी मुरतंय," ते हसून म्हणायचे, आणि प्यायचे.
त्या अर्ध्या तासात त्यांनी सांगितलं होतं
नदीवर गेलेल्या धाकट्या भावाबद्दल.
"लोक म्हणाले, चल शोधायला.
मी बसच्या खाली शिरलो. म्हटलं, ब्रेक दुरुस्त करतोय.
ब्रेक चांगले होते."

सकाळी स्वयंपाकघरात गारठा,
कपावर दोन्ही हात.
तिनं काकाचं नाव काढलं.
"कोण म्हणालं? मी? काहीतरीच."
काचेला आतून चिकटलेले खडे
तिनं पुढं हजारदा पाहिले,
प्रत्येक वेळी तोच कप आठवला असं नाही.
कधीकधी.

संध्याकाळ. गाळण्या ओल्या, खिडकीबाहेर डोंगर पुसट.
येइसन बाटल्या सिंकमध्ये उलट्या करणार एवढ्यात
ती त्याचं मनगट धरते.
"साका टाकू नकोस. वाळव, नाव घाल.
उद्या बघायचंय,
आत गेलं होतं तेच
बाहेर आलंय का."