मिठाची रेघ

मुकिंदाचा निळा सदरा
दर्यापूर रस्त्याच्या डांबरावरून परतला
की दोरीवर न धरता उभा राही.
पाठीवर पांढरा नकाशा,
जेठ सरेपर्यंत.

यंदा आखितीलाच पुसट.
घाम तेवढाच, उलट जास्त.
इंद्रायणीनं कॉलर चाटून पाहिली.
"काहून व आचल, मीठ कुठी गेलं?"

आचल बारावी सायन्स,
बाजेवर पालथी पडून:
घामाची नळी असते माय, केसाहून बारीक.
भिंतीत पेशी, कुडाच्या काड्यांसारख्या खेटून.
नळीकडं दार, ते सोडियमले ओळखते.
मागं पंप. तीन सोडियम बाहेर,
दोन पोटॅशियम आत,
त्याले लोडशेडिंग नाही.
ऊन तापलं, मीठ कमी पडलं,
की मूत्रपिंडावरची ग्रंथी सांगावा धाडते:
दारं वाढवा.
पाणी जाऊ द्या, मीठ वळवा.

"आन् मागच्या साली?"
"मागच्या साली तुमी बोअरचं पेत होते."

इंद्रायणी गप्प.
ते पाणी, ज्यात तूरडाळ शिजत नसे,
चहा फाटे, साबण रुसे.
माघात नळ आला, धरणाचा, गोडा.
सरपंचानं नारळ फोडला, फोटो काढला.

मुकिंदाच्या काखेतल्या नळ्यांना
कुणी निमंत्रण दिलं नव्हतं.

संध्याकाळी वरणात मीठ टाकताना
तिची चिमूट पहिल्यांदा
थोडी मोठी झाली.
मग थांबली.
अर्धी परत बरणीत.