चिखलाचा आकडा

व्हेन्ला नेहमी अर्धा तास आधी यायची.
तांपेरेत सात म्हणजे बेलापूरला साडेदहा,
पण साडेतीन तासांचे ती चार धरायची,
आणि मी खिडकी उघडावी तर
ही एकटीच बसलेली, मोजा विणत.
जुरांदिरच्या रेसिफेत तेव्हा भर दुपार,
कॉलेजच्या कँटीनमध्ये त्याच्या ताटात भात,
आणि मागे कोणीतरी सतत खुर्च्या ओढणारं.

खेळ खाडीचा, हे पहिल्याच दिवशी ठरलं.
दिवाळ्याची ओहोटी, तिवरं,
चिंबोऱ्या धरणारा एक माणूस.
तीन देशांतले आमचे निम्मे गुण
त्या एकाच्या चालण्यावर.

व्हेन्लाने विचारलं, चिखलाचं घर्षण किती?
मी म्हटलं, शून्य पूर्णांक सहा.
का सहा? कोणाला माहीत. तोंडात आलं.
माणूस चालला,
लग्नाच्या हॉलमध्ये चालावं तसा,
गुडघे कोरडे, पाठ ताठ.
मी पाच केलं. तो घसरला.
आठ केलं. तो कमरेपर्यंत रुतला आणि तसाच हसत राहिला,
कारण चेहरा जुरांदिरने आधीच करून ठेवला होता.

खाडीपासून चारशे पावलांवर वाढलेली मी,
आणि मला चिखलाचा आकडा येत नव्हता.

मग रविवारी बाबांच्या मागे उतरले, फोन प्लास्टिकच्या पिशवीत.
एक चप्पल अजून तिथेच आहे.
"पाय वर खेचाचा नाय," बाबा मागे न बघता म्हणाले,
"टाच पयली सोराची. मंग चिखलच देतो पाय."
आणि खोल किती?
"तिथीवर हाय. अष्टमीचा येगला, पुनवेचा येगला."

अकरा सेकंदांचा व्हिडिओ. कोपऱ्यात माझा अंगठा,
बाबा गुडघ्यांपासून खाली तेवढे.
जुरांदिर इतका वेळ गप्प राहिला
की मला वाटलं, नेट गेलं.
मग म्हणाला, हा माझा मामा आहे.
आणि उठला, हातात ताट तसंच,
टेबलांच्या मधून चालून दाखवू लागला
कँटीनच्या कोरड्या फरशीवर,
आधी टाच, मग थांबून, मग पाय.
खुर्च्या ओढणारं कोणी ओढायचं थांबलं.

त्या रात्री व्हेन्लाने सहाचा आकडा पुसला.
त्याच्या जागी चंद्राचं कोष्टक,
भांग आणि उधाण, तीस तिथी,
आणि त्या चलाचं नाव तिने ठेवलं: बाबा.
बाबा शून्य असताना कोणी बुडत नाही.
बाबा वाढले की जपून.

चाचणीत नऊ जणांनी लिहिलं,
उडीचं बटण बिघडलंय.
आम्ही नऊ वेळा उत्तर दिलं,
बटण ठीक आहे. चिखलात कोणी उडी मारत नाही.
परब मॅडमनी तरी चार गुण कापले:
चाल संथ, खेळणारा कंटाळतो.
खरं आहे ते. बाबाही कंटाळतात.
मध्येच उभे राहतात, विडी शोधतात, परत चालतात.
हे आम्ही खेळात घातलं नव्हतं.

शेवटी त्यांना दाखवला.
चष्मा कपाळावरून खाली आला.
बराच वेळ पाय बघितले, काही बोलले नाहीत.
मग, "याचे कंबरला टोपली नाय.
मंग उतरला कशाला खारीन?"

मी तसंच लिहून पाठवलं दोघांना.
सकाळी टोपली आली होती,
तांपेरेहून, रातोरात,
आमच्यासारखी मुळीच नाही,
कुठल्याशा झाडाच्या सालीच्या रुंद पट्ट्यांची, तिरकी वीण,
बांबूचं कधी नाव न ऐकलेली.
जुरांदिर म्हणाला, राहू दे. मीही बदलली नाही.

बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवून ती फिरवली,
खालून बघितली, तोंडाशी बघितली.
"घट्ट हाय," म्हणाले. "कुनी ईनली?"
मी नाव सांगितलं.
त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं,
तिसऱ्यांदा जमलं, जवळजवळ.

आज मीच अर्धा तास आधी आले.
खिडकीत ती आहेच. दुसऱ्या पायाचा मोजा.