अठ्ठावन्न किलो

गेल्या मार्चात, उजनीच्या फुगवट्यावर,
तिसऱ्या बोयाला वळसा घालताना
इंजिनानं एक उचकी दिली आणि ते गप्प झालं.
काठाला आणून झाकण उघडलं, तर
आत ऑइल नव्हतंच, टपरीवरचा चहा होता,
पाणी शिरून दुधाळ झालेला.
दोन नंबरच्या सिलिंडरलगत चीर. केसाएवढी.
"एवढ्यानं माणूस बी जातो की," इराप्पा म्हणाला
आणि वल्हं शोधू लागला.

म्हणून आज अक्कलकोट रोडला
बंदेनवाज मिस्त्रीच्या शेडमध्ये आम्ही दोघं.
त्रेचाळीस डिग्री. पत्रा तडतडतोय.
बाकावर पुण्याहून मागवलेला ॲल्युमिनियमचा ब्लॉक,
अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच.
सहा सिलिंडर, चाळीस किलो,
मी एकट्यानं टेम्पोतून उतरवला.
मिस्त्रीनं त्याला बोटसुद्धा लावलं नाही.
"पळंल," म्हणाला. "किती दिवस, ते विचारू नका.
मागं या."

मागं कडुलिंबाखाली बिडाचा ब्लॉक,
जुन्या ट्रकचा, उलटा पडलेला.
अकरा उन्हाळे, अकरा पावसाळे उघड्यावर.
क्रँकच्या पोकळीत एक तांबडी कोंबडी बसलेली,
आमच्याकडं बघून तिनं फक्त मान फिरवली.

"ओतल्यावर लोखंडाच्या अंगात ताण राहतोय, येमूलशेठ.
नवंनवं असतंय तवर तापलं की रुसतं, वाकडं होतं.
त्याला ऊन खाऊ द्यायचं, पाणी खाऊ द्यायचं,
मग एक दिवस ते अंग सोडतं.
त्याच्यानंतर ते कुठं जात नाही."

कोंबडीला इराप्पानं उचललं, खाली दोन अंडी.
मिस्त्रीनं कडा घासून काढल्या,
घासलेट फिरवलं, फडक्यानं पुसलं,
वर खडूची पूड फुंकली.
चीर असती तर पांढऱ्यावर काळी रेघ उमटली असती.
आम्ही तिघं वाकून बघत राहिलो,
घामाचा एक थेंब पडला, माझाच,
क्षणभर छातीत धस्स झालं.
रेघ नाही.

मग छोटी हातोडी.
टण्ण.
फुटकं असतं तर बद्द वाजलं असतं.
हा आवाज मला ठाऊक होता.
आमचे सहा माग भंगारवाल्यानं तोडले
तेव्हा पहिला घाव असाच वाजला होता,
आणि आई आतून म्हणाली होती, "कोण आलंय रे?"
त्याच पैशातून ही बोट.
बीड किलोवर विकलं होतं,
आता बीड किलोवर घ्यायला आलो होतो.

काट्यावर चढवला. अठ्ठ्याण्णव.
"भिंत जाड आहे," मिस्त्री कॅलिपर पुसत म्हणाला,
"दोनदा बोअर मारलात तरी उरंल."
मी मनातल्या मनात वजाबाकी करत होतो:
वळणावर नाक खाली जाईल,
सुटताना दोन लांब्या मागं पडू,
टाकी अर्धी भरली तर...
"अठ्ठावन्न," इराप्पा म्हणाला.
"म्हणजे मीच की, बे."

नऊ वर्षं तो मागच्या सीटवर,
वळणावर बाहेर झुकणारा,
तळातलं पाणी डब्यानं उपसणारा.
शर्यत संपली की मी हात वर करायचो,
तो मात्र आधी बिल्ज बघायचा.

मी काही बोललो नाही. तोही नाही.
त्यानं पुण्याच्या ब्लॉकची पिशवी काढली,
खोक्यात तळाशी अंथरली,
तीत अंडी ठेवली, वर कोंबडी ठेवली,
खोकं लिंबाच्या सावलीत सरकवलं.
मग ब्लॉकच्या एका टोकाला खाली बसून
दोन्ही हात घातले.

"धर तिकडून. गुडघ्यात वाक, पाठीत नको."

टेम्पोची फळी चढवताना म्हणाला,
"तिसऱ्या बोयापाशी काठावर थांबतो मी.
वल्हं घेऊन."