सही

अब्रेहेत परत आली तेव्हा मी शिवणयंत्रावर होते,
कुणाच्या तरी पडद्याची किनार दुमडत.
दारात सावली पडली. वाटलं, कुणी म्हातारी
दोरा मागायला आलीय.
मग तिनं चपला काढल्या, डावी आधी,
चौकटीला दोन बोटं टेकवून.
त्या दोन बोटांवरून ओळखली.

माझे एकोणीस दिवस. तिची चार वर्षं.

मसावाच्या पलीकडे, वाळूत, जहाजावरचा एक कंटेनर,
निळा, बाजूला कुठल्याशा कंपनीची
सोलवटलेली अक्षरं.
आत आम्ही अठराजणी.
दुपारी पत्र्याला पाठ लागली की कातडी चिकटायची,
पहाटे त्याच पत्र्याला थेंब धरायचे,
ते पाळीपाळीनं बोटावर टिपून चाटायचो.
पुस्तक पहिल्याच रात्री काढून घेतलेलं.
म्हणून आठवेल तसं जुळवलं:
पेत्राचं पहिलं पत्र, पाच अध्याय, पाचजणींत वाटून.
माझ्याकडे चौथा.
पहारेकऱ्यांचा रेडिओ लागला की
एकीनं सोडलं तिथून दुसरीनं धरायचं,
आवाज न करता, नुसत्या ओठांनी,
काळोखात हात धरून ओढा ओलांडावा तसं.

विसाव्या दिवशी मला ऑफिसात नेलं.
मारलं नाही कुणी. हे मुद्दाम सांगते,
कारण लोकांना मारलेलं ऐकायचं असतं.
टेबलावर गार पाण्याची बाटली, बाहेरून घामेजलेली,
आणि टाइप केलेला कागद:
यापुढे जमणार नाही, गाणार नाही, प्रार्थना करणार नाही.
तो म्हणाला, बाई, फक्त एक सही.
बँकेतल्या माणसासारखा, शांतपणे.
कोंबडाबिंबडा काही आरवला नाही.
पंखा फिरत होता.
पेन उमटेना, तर त्यानं खिशातलं स्वतःचं दिलं.

सही आणि सहन.
म्हटलं तर फरक एका 'न'चा.
तो तिला उच्चारता आला.

आता ती माझ्यासमोर बसली होती
आणि मी कॉफीच्या बिया भाजत होते,
जरुरीपेक्षा जास्त वेळ,
धूर मध्ये राहावा म्हणून.
पहिला कप कडू. काही बोललो नाही.
दुसऱ्याला तिनं सांगितलं, तेबेरेह गेली,
दुसऱ्या उन्हाळ्यात, कानात ताप शिरून.
तिचा अध्याय मग मी घेतला, म्हणाली,
जशी कुणी शेजारणीची शेळी सांभाळायला घेते.

तिसऱ्या कपाला आमच्याकडे बरका म्हणतात, आशीर्वाद.
त्याआधी उठून जायचं नसतं.
मला वाटलं, ती उठेल.
उठावी, असंही वाटलं.

"तुझा म्हण," ती म्हणाली.

काय?

"चौथा. आमच्यात तो कुणालाच अख्खा येत नव्हता.
तू गेल्यावर तिसरा संपला की आम्ही थांबायचो,
साधारण तेवढाच वेळ, गप्प,
मग पाचवा.
नव्या आलेल्या पोरी विचारायच्या, मध्ये हे काय?
आम्ही सांगायचो, इथं हिवेत आहे."

आहे, म्हणाली. होती नाही.

मी तिला सांगितलं नाही
की या यंत्राच्या खडखडाटाखाली रोज तोच पुटपुटते,
पडदे, उशांचे अभ्रे, शिपायांच्या गणवेशाच्या बाह्या,
सगळ्यांच्या शिवणीत तो गेलाय
आणि कागदावर माझी सही अजून तशीच आहे.
क्षमा मागावी म्हणून तोंड उघडलं
तर तिनं मान हलवली, आधी ते म्हण.

निखाऱ्यांवर राख धरली होती.
दोनदा चुकले. ती सुचवू शकत नव्हती,
वाट बघत राहिली.
शब्द आला.
तिसरा कप तिनं हातात धरला, पातळ, गोड,
डोळे मिटून ऐकत,
ताठ,
भिंतीला पाठ लागू न देता.