सहा व्होल्ट

जुलै. आमच्याकडे ऐन हिवाळा.
गावाचं नावच तेहेतीस. हो, आकडा. त्रेंता इ त्रेस.
सकाळी सातला निदान सात पुरुष
सुल्माच्या अंगणात, भोपळ्यातून कडू येर्बा चोखत,
एका गाडीभोवती उभे.

गाडी सदतीस सालची प्लिमथ. तिच्या बापाची.
चौदा महिने मोन्तेविदेओत राहून रंगून आलेली,
हिरवी, इतकी की कुत्रं तिच्या दारात
स्वतःवरच भुंकलं.
आज नात पंधरा वर्षांची होणार,
संध्याकाळी ह्याच गाडीतून हॉलवर जाणार,
आणि गाडी म्हणते, आंऽऽ
थांबते.
आंऽऽ
जड माणूस खुर्चीतून उठता उठता
पुन्हा बसतो तशी.

एबेर म्हणाला, बारा व्होल्टची बसव आणि सुटून जा.
आदेमार म्हणाला, आठची मिळते, माझा मेव्हणा आणतो.
वॉशिंग्टन, त्याचा पोरगा, न विचारताच
ट्रॅक्टर मागे घेऊन आला होता, केबल काढून,
उलटी लावणार होता.
ह्या गाडीत धन टोक अंगाला असतं.
मी त्याचं मनगट धरलं.

मी अडतीस वर्षं भाताच्या गिरणीत वीज सांभाळली.
बारा व्होल्टच्या घरात अर्धा कुठे सांडला
तर विचारत नाही कुणी.
सहाच्या घरात तोच अर्धा
पोराच्या ताटातली भाकरी असतो.
दाब निम्मा, म्हणून वाहायचं दुप्पट,
म्हणून केबल अंगठ्याएवढी जाड,
म्हणून प्रत्येक नट घासूनपुसून, आवळून.
सुल्माच्या बापाला, लिसार्दोला, हे माहीत होतं
आणि तरी विश्वास नव्हता.
हे घर भाड्यानं घेताना त्यानं खोल्या मोजल्या नाहीत,
रस्ता किती उतरतो ते पाहिलं.

सुल्माला म्हटलं, पाय दाबून धर. दहा सेकंद.
आंऽऽऽऽ
आणि मी हात फिरवला
बॅटरीवरून: गार.
जाड केबलवरून: गार.
खाली, इंजिनापासून चासीला जाणारी विणलेली पट्टी,
तिचं टोक
तापानं फणफणलेल्या कपाळासारखं.

बोल्ट काढला.
आत हिरवं.
रंगाऱ्यानं फार जीव लावून काम केलं होतं,
जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथंही
तीन हात, वर चकाकी.
वीज बिचारी दाराशी येऊन
गालिच्याखाली उंबरा शोधत होती.
अर्थिंगच नाही,
तर गाडीचा अर्थ लागावा कसा?

चाकू काढला.
सुल्मानं तोंड फिरवलं.
त्या रंगात तिची दोन हेक्टर जमीन होती,
आणि खरवडण्याचा आवाज, खरं सांगतो,
मलाही सोसला नाही.
एबेर गप्प झाला. हे क्वचित होतं.
मग आलं लोखंड,
राखाडी, बोथट, पेसोच्या नाण्याएवढं,
लिसार्दोच्या वेळचं.

पट्टी बसवली. आवळली.
आता दाब.

आं-आं-आं-आं, आणि एक निळा ढग,
आणि कुत्रं कुंपणापलीकडे.
दिवे लागले, अंड्यातल्या बलकासारखे पिवळे,
ह्याहून जास्त ते कधी लागत नव्हतेच.

मी सांध्याला ग्रीस चोपडलं.
"वरून रंग देऊ?"
"नको."
"दिसणार नाही ना कुणाला?"
"तुला माहीत असेल."
ती हसली नाही. पैसे घेशील का, विचारलं.
मी केकचा तुकडा मागितला.

रात्री हॉलवर सगळ्यांच्या गाड्या दिव्यांखाली, ओळीनं.
नात आली, निळ्या झग्यात, टाळ्या झाल्या,
फोटो निघाले, पोरं नाचली.
मध्यरात्रीनंतर मी बाहेर आलो,
हिरवी प्लिमथ कुठे दिसेना.
दोन गल्ल्या चालल्यावर सापडली,
ओलिमार नदीकडे रस्ता घसरतो तिथं,
काळोखात एकटी,
नाक उताराकडे,
पुढच्या चाकाखाली वीट.